लहान होडीवरील यंत्रांस वीज कशी पुरवावी?

एके काळी कोकण किनाऱ्यावरील लहान होडीत एक कंदील असला म्हणजे रात्रीची सोय झाली, असे समजले जाई. आज सात-आठ मीटर लांबीच्या फायबरच्या होडीवरही मासळीचा थवा दाखविणारा फिशफाइंडर, जीपीएस, वायरलेस संच, दिवे आणि तळातील पाणी उपसणारा पंप ही साधने दिसू लागली आहेत. नौकांवर उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेसही ऑगस्ट 2024 मध्ये पालघर येथून प्रारंभ झाला. ही सर्व साधने उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु बॅटरीत वीज शिल्लक असेल तोपर्यंतच त्यांचा उपयोग. पहाटे वारा वाढला असता बॅटरी संपलेली आढळली, तर स्टार्टरवर चालणारे इंजिन सुरू होत नाही आणि वायरलेसवरून मदतही मागता येत नाही. म्हणून नवे साधन विकत घेण्यापूर्वी मच्छीमाराने विजेचा हिशेब करावयास पाहिजे.

विजेचा हिशेब

हा हिशेब अवघड नाही. लहान होडीवरील साधने बहुधा 12 व्होल्ट दाबावर चालतात. साधनावरील पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यास 12 ने भागले म्हणजे ते साधन किती अँपिअर प्रवाह घेते ते कळते. त्या संख्येस वापराच्या तासांनी गुणले म्हणजे अँपिअर-तास निघतात. बॅटरीची क्षमताही याच मापात सांगितली जाते.

उदाहरणादाखल, दहा तासांच्या एका रात्रीचा खर्च पुढे दिला आहे. साधनांप्रमाणे आकडे बदलतील. प्रत्येकाने आपल्या साधनांवरील आकडे घेऊन हिशेब मांडावा.

- फिशफाइंडर, 1 अँपिअर, 10 तास : 10
- जीपीएस, अर्धा अँपिअर, 10 तास : 5
- वायरलेस संच ऐकण्यासाठी, अर्धा अँपिअर, 10 तास : 5
- वायरलेसवर बोलण्यासाठी, 5 अँपिअर, एकूण सुमारे पाव तास : 1
- नौकेचे दिवे, 12 वॅट, 10 तास : 10
- कामाचा दिवा, 24 वॅट, 3 तास : 6
- पाणी उपसण्याचा पंप, 3 अँपिअर, 1 तास : 3

एकूण खर्च 40 अँपिअर-तास होतो. यावरून 40 अँपिअर-तासांची बॅटरी पुरेल असे मात्र समजू नये. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरविली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून निदान 80 आणि अडीअडचणीचा विचार करता 100 अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. लोखंड व फॉस्फेट असलेली लिथियम बॅटरी वजनाने हलकी असून तिच्यातील सुमारे 80 टक्के वीज वापरता येते. तथापि ती महाग असते व तिला तिच्या जातीचाच चार्जर लागतो.

दोर किंवा जाळे ओढणारे विजेचे यंत्र घ्यावयाचे असल्यास अधिक विचार करावा. 240 वॅटचे असे यंत्र 20 अँपिअर प्रवाह घेते. ते एक तास चालविल्यास 20 अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे वरील संपूर्ण रात्रीच्या खर्चाचा निम्मा भाग.

इंजिनाची बॅटरी वेगळी ठेवावी

ज्या इंजिनास विजेचा स्टार्टर आहे, त्याची बॅटरी स्वतंत्र असावी आणि तिच्यावर दुसरे कोणतेही साधन जोडू नये. ही बॅटरी घरी परतण्याची ठेव आहे. साधनांची बॅटरी किती उतरली हे पाहण्यासाठी व्होल्टमापक बसवावा. शिशाची पूर्ण भरलेली बॅटरी काही वेळ विश्रांतीनंतर सुमारे 12.7 व्होल्ट दाखविते, 12.2 व्होल्ट म्हणजे ती निम्मी उरली. असे दिसताच फिशफाइंडर व कामाचे दिवे बंद करावेत. वायरलेस आणि नौकेचे दिवे मात्र चालू ठेवावेत. संकटसमयी हाक देण्यासाठी वायरलेसची 16 क्रमांकाची वाहिनी राखून ठेवलेली आहे.

बॅटरी भरणे

होडीच्या मागे बसवावयाच्या लहान इंजिनांपैकी पुष्कळांना बॅटरी भरण्याची सोय नसते, आणि असली तरी त्यांतून मिळणारा प्रवाह थोडा असतो. इंजिन 6 अँपिअर देत असेल आणि जाण्यायेण्यास चार तास लागत असतील, तर फार तर 24 अँपिअर-तास परत मिळतात. 100 वॅटचे सौर पटल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण 25 अँपिअर-तास देते. त्यास चार्ज कंट्रोलर अवश्य जोडावा. भरताना काही वीज वाया जाते, म्हणून खर्चापेक्षा अधिक वीज भरावी लागते. बंदरावर परतल्यावर चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरणे हाच निश्चित उपाय होय.

तारा, फ्यूज व पेटी

बारीक तारेत वीज वाया जाते. पाच मीटर अंतरावरील साधन 5 अँपिअर घेत असेल, तर 1 चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ 0.9 व्होल्ट दाब घटतो, 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत तो 0.4 व्होल्टपेक्षा कमी घटतो. कलई केलेली तांब्याची तार खाऱ्या हवेत अधिक टिकते. धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज बसवावा आणि प्रत्येक साधनास त्याच्या मापाचा वेगळा फ्यूज द्यावा. जळलेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय.

बॅटरी झाकणाच्या पेटीत, घट्ट बांधून, पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवावी. भरताना तिच्यातून स्फोटक वायू निघतो, म्हणून पेटीस हवेची वाट ठेवावी व जवळ विडी ओढू नये. शिशाच्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. तारा सोडविताना ऋण टोक प्रथम सोडवावे व जोडताना ते शेवटी जोडावे.

पावसाळी बंदीच्या काळात बॅटरी होडीतच सोडून देण्याची चूक अनेकांकडून होते. ती घरी आणून, पूर्ण भरून, कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. ज्या बॅटरीस पाणी लागते तिच्यात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे.

कायद्याची मर्यादा

होडीवरील कामाचा दिवा वेगळा आणि मासळी गोळा करण्यासाठी पाण्यावर सोडलेला प्रखर प्रकाश वेगळा. एल.ई.डी. व इतर कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने मासेमारी करण्यास केंद्र शासनाने 2017 साली भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार सहकारी संस्थेच्या बैठकीत एखाद्या होडीचा असा हिशेब सर्वांसमक्ष मांडून दाखवावा. यंत्र विकत घेण्यास पैसा लागतो. हिशेबास केवळ कागद व पेन्सिल लागते. तो हिशेब ज्याने केला, त्याचे यंत्रही चालेल आणि त्याची होडीही सुखरूप बंदरास लागेल.