गुरुत्व आणि वृक्षबीजांची उगवण

वनस्पतींच्या बियांची उगवण व रोपांची वाढ यांवर गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि तीव्रता यांचा जो परिणाम होतो, त्याचा अभ्यास वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात केला जातो. बी रुजण्यासाठी मुख्यतः पाणी, प्राणवायू आणि योग्य तापमान लागते. त्यासाठी गुरुत्व अनिवार्य नसते. मात्र रुजलेल्या बीजातून निघालेले मूळ कोणत्या दिशेला जाईल आणि कोंब कोणत्या दिशेला वळेल, हे मुख्यतः गुरुत्वावर ठरते. या दिशात्मक प्रतिसादास गुरुत्वानुवर्तन म्हणतात. गुरुत्वाच्या दिशेने होणारी मुळाची वाढ धन गुरुत्वानुवर्तन, तर त्याच्या विरुद्ध दिशेने होणारी खोडाची वाढ ऋण गुरुत्वानुवर्तन मानली जाते.

कार्यपद्धती

मुळाच्या टोकावर मूलटोपी असते. तिच्या मध्यभागातील पेशींत पिष्टाने भरलेले जड कण असतात. त्यांना अमायलोप्लास्ट म्हणतात. रोप आडवे केले की हे कण काही मिनिटांत पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात आणि त्यावरून पेशीला दिशेचा बोध होतो. ही कल्पना १९०० मध्ये गॉटलीब हाबरलांट आणि बोहुमिल नेमेत्स यांनी स्वतंत्रपणे मांडली. खोडात हेच काम संवाहक ऊतींभोवतीच्या पिष्टयुक्त पेशींचा थर करतो.

दिशा कळल्यानंतर ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या बाजूस अधिक प्रमाणात वाहून नेले जाते. ऑक्झिनचे वाढलेले प्रमाण मुळातील पेशींची लांबी वाढू देत नाही, तर खोडातील पेशींची लांबी वाढवते. त्यामुळे एकाच संप्रेरकाच्या प्रभावाखाली मूळ खाली आणि खोड वर वळते. या स्पष्टीकरणास निकोलाय खोलोद्नी व फ्रिट्स वेंट यांच्या नावाने ओळखले जाते.

अभ्यासाचा इतिहास

१८०६ मध्ये इंग्रज उद्यानतज्ज्ञ थॉमस अँड्र्यू नाइट याने पाण्याच्या प्रवाहावर वेगाने फिरणाऱ्या चाकावर शेंगवर्गीय बिया बांधून उगवल्या. उभ्या चाकावरील रोपांची मुळे चाकाच्या बाहेरच्या बाजूस आणि कोंब मध्याकडे वाढले. आडव्या चाकावर मुळे बाहेर आणि खाली अशा तिरक्या दिशेने गेली. वनस्पती गुरुत्व आणि केंद्रोत्सारी बल यांत भेद करीत नाही, दोहोंच्या एकत्रित दिशेला प्रतिसाद देते, हे यावरून सिद्ध झाले. चार्ल्स डार्विन व त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुळाचे टोक संवेदनक्षम असल्याचे दाखवले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युलियुस फॉन झाक्स याने क्लिनोस्टॅट हे उपकरण वापरात आणले. यात रोप आडव्या अक्षाभोवती संथ फिरत राहते. गुरुत्व नाहीसे होत नाही. परंतु त्याची दिशा सतत बदलत राहिल्याने अमायलोप्लास्ट एका जागी स्थिर होत नाहीत आणि मूळ व खोड ठरावीक दिशेला वळत नाहीत. याच्या उलट, सेंट्रिफ्यूज यंत्राने अनेक पट वाढवलेल्या गुरुत्वास अतिगुरुत्व म्हणतात.

भारतातील संशोधन

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील जीवभौतिकी प्रयोगशाळेत पंडित विद्यासागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या बियांवर अल्पकाळ अतिगुरुत्वाचा प्रयोग करून उगवण, वाढ आणि हरितद्रव्य यांचा अभ्यास केला. या अभ्यासांत बिया सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून नंतर सामान्य गुरुत्वात वाढवल्या जातात, म्हणून त्यांचे निष्कर्ष अंतराळातील वाढीला तसेच्या तसे लागू करता येत नाहीत. धारवाड येथील कृषी विज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र अतिगुरुत्वाच्या विशिष्ट मात्रेनंतर गव्हाच्या मुळांची वाढ सुधारल्याचे नोंदवले. अतिगुरुत्वाचा परिणाम त्याची तीव्रता, कालावधी आणि बियांची अवस्था यांवर अवलंबून असतो.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या पीएसएलव्ही-सी६० यानासोबत ‘क्रॉप्स’ हा प्रयोग पाठवला. त्यातील चवळीच्या बिया सूक्ष्मगुरुत्वात चार दिवसांत रुजल्या आणि नंतर त्यांना पाने फुटली. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूग व मेथीच्या बिया रुजवल्या.

वृक्षबीजांचे अंतराळ प्रयोग

१९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेत स्टुअर्ट रूसा यांनी सुमारे ५०० वृक्षबीजे चंद्राच्या कक्षेत नेली. त्यांत पाइन, सिकामोर, स्वीटगम, रेडवूड आणि डग्लस फर यांच्या बिया होत्या. परतल्यावर त्यांपासून शेकडो रोपे तयार झाली आणि ती ‘चंद्रवृक्ष’ म्हणून लावली गेली. त्यांच्यात व पृथ्वीवरील रोपांत ठळक फरक आढळला नाही. तथापि, या बिया प्रवासात सुप्तावस्थेत होत्या आणि त्यांची उगवण पृथ्वीवरच झाली. त्यामुळे हा प्रयोग सुप्त बियांच्या टिकाऊपणाबद्दल सांगतो, बदललेल्या गुरुत्वातील उगवणीबद्दल नाही. २०२२ मधील आर्टेमिस १ मोहिमेतील बियांनाही हेच लागू होते.

गुरुत्व नसताना खरोखर वाढणाऱ्या रोपांना वेगळ्या अडचणी येतात. पाणी खाली झिरपत नाही, ते मुळांभोवती फुग्यासारखे चिकटते; गरम हवा वर जात नसल्याने हवेचे अभिसरण थांबते आणि मुळांना प्राणवायू कमी पडू शकतो. गुरुत्वाचा संकेत नसल्याने रोपे प्रकाशाच्या दिशेचा आधार घेतात.

मोठ्या वृक्षांत खोडाचा तोल सांभाळण्यासाठी विशेष काष्ठ तयार होते. रुंदपर्णी वृक्ष कलला की सहसा वरच्या बाजूस ताणकाष्ठ, तर सूचिपर्णी वृक्षांत खालच्या बाजूस दाबकाष्ठ बनते. १९९६ मध्ये अवकाशयानात वाकवून ठेवलेल्या डग्लस फरच्या रोपांत दाबकाष्ठ तयार झाले. म्हणजे गुरुत्व नसतानाही खोडाचे वाकणे हा संकेत पुरेसा ठरू शकतो.

शिरूर व दौंड परिसरातील महत्त्व

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. शिरूर घोड नदीकाठी, तर दौंड भीमा नदीकाठी वसले आहे. कालव्याखालील व नदीकाठची शेती सोडल्यास येथील माळरानावर मातीचा थर पातळ असून खाली मुरूम लागतो. अशा ठिकाणी कडुनिंब, बाभूळ, चिंच यांसारख्या झाडांच्या रोपाचे पहिल्या उन्हाळ्यातील जगणे त्याचे सोटमूळ ओलाव्यापर्यंत पोहोचते की नाही, यावर बरेचसे अवलंबून असते. मूळ खाली जाणे हे गुरुत्वानुवर्तनाचेच कार्य आहे.

या झाडांच्या उगवणीत गुरुत्वाव्यतिरिक्त घटकही निर्णायक असतात. बाभळीच्या बियांचे कवच कठीण असल्याने गरम पाण्याची प्रक्रिया केल्यास किंवा शेळ्यांच्या पोटातून बाहेर पडल्यावर त्या लवकर रुजतात. कडुनिंबाच्या बियांची उगवणक्षमता काही आठवड्यांतच घटते, म्हणून ताज्या बिया पेराव्या लागतात. बी कसेही पडले तरी मूळ खालीच वळते. म्हणून माळरानावर टाकलेल्या बियांची दिशा सांभाळण्याची गरज नसते.

रोपवाटिकेत मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत सोटमूळ तळाशी पोहोचले की पुढे जागा नसल्याने ते गोल गुंडाळते. असे रोप लावल्यावर मुळांचा गुंडाळा कायम राहू शकतो आणि झाड खोल मूळ धरीत नाही. यासाठी रोपे फार काळ पिशवीत न ठेवणे, लावताना गुंडाळलेला भाग कापणे किंवा तळाशी उघडी असलेली रूट ट्रेनर साधने वापरणे हे उपाय केले जातात. अशा साधनात तळाशी आलेले मूळ हवेत सुकते व बाजूची मुळे वाढतात.

शेतकऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातील उदाहरण उसाचे आहे. वारा-पावसाने लोळलेल्या उसाचा शेंडा काही दिवसांत पुन्हा वर वळतो. कांडीच्या पेराजवळील वाढीच्या वलयातील खालच्या बाजूच्या पेशी अधिक वाढल्याने हा बाक येतो. भीमेच्या पट्ट्यातील दौंडच्या ऊसशेतीत पडलेल्या उसाचे असे वाकलेले शेंडे पाहायला मिळतात.

हे सुद्धा पहा

गुरुत्वानुवर्तन, प्रकाशानुवर्तन, ऑक्झिन, क्लिनोस्टॅट, चंद्रवृक्ष, बीजसुप्तता