होतकरू आणि प्रस्थापित खेळाडूंचे विनिमयमूल्य

उत्तर अमेरिकेतील ‘नॅशनल हॉकी लीग’ या बर्फावरील हॉकीच्या व्यावसायिक संघटनेत खेळाडूंची देवघेव बहुधा रोख रकमेने होत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, अथवा नवोदितांच्या वार्षिक निवडीतील हक्क दिला जातो. साहजिकच वस्तुविनिमयातील जुनाच प्रश्न तेथे उपस्थित होतो. प्रस्थापित खेळाडूची योग्यता ज्ञात असते, पण उरलेली वर्षे थोडी असतात. होतकरू खेळाडूपाशी वर्षे पुष्कळ असतात, पण योग्यता सिद्ध व्हावयाची असते. या दोन विजातीय मूल्यांची तुलना कोणत्या मापाने करावी?

होतकरू खेळाडू उद्या जास्तीत जास्त काय होऊ शकेल, यावरून त्याची किंमत ठरविणे हा सर्वसामान्य प्रमाद होय. वस्तुतः प्रत्येक संभाव्य फलाला त्याच्या संभवनीयतेने गुणावे लागते आणि ते फल किती वर्षांनी हाती येणार, हेही लक्षात घ्यावे लागते. हे गणित बिनचूक केले तरी उत्तर दोन्ही संघांस सारखेच येईल असे मात्र नाही.

मार्च १९८८ मधील व्यवहार या दृष्टीने उद्बोधक आहे. कॅल्गरी संघाने तेवीस वर्षांचा ब्रेट हल व स्टीव्ह बोझेक यांना सेंट लुईस संघाकडे देऊन एकोणतीस वर्षांचा बचावपटू रॉब रॅमेज आणि गोलरक्षक रिक वॉम्स्ली यांना घेतले. पुढे हलने १९९०–९१ च्या एकाच हंगामात ८६ गोल केले. तेवढ्यावरून कॅल्गरी फसले असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु १९८९ च्या अंतिम स्पर्धेत गॅरी सुटर हा प्रमुख बचावपटू जायबंदी झाला असता रॅमेजचा अनुभव उपयोगी पडला व कॅल्गरीने स्टॅन्ली चषक जिंकला. विजयाच्या उंबरठ्यावरील संघाला आजचा खेळाडू मोलाचा होता, उभारणी करणाऱ्या संघाला उद्याचा. व्यवहार एकच, पण लाभ उभयपक्षी झाला.

१९९२ चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९९१ च्या निवडीत पहिला आलेल्या एरिक लिंड्रॉसने क्वेबेककडून खेळण्यास नकार दिला. त्याच्यासाठी फिलाडेल्फियाने हेक्स्टॉल, रिची, ड्युशेन आदी खेळाडू, पहिल्या फेरीतील दोन हक्क, दीड कोटी डॉलर आणि अद्याप स्वीडनमध्येच खेळणारा पीटर फोर्सबर्ग, एवढे दिले. लिंड्रॉसविषयीचा अंदाज चुकला नव्हता. १९९५ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पण डोक्याला वारंवार झालेल्या इजांनी त्याची कारकीर्द खुरटली. अंदाज उंचीचा बरोबर होता, कालावधीचा नव्हता. क्वेबेकचा धोका मात्र अनेकांत विभागला गेला. फोर्सबर्ग उत्तम निघाला. एका हक्कातून निवडलेला गोलरक्षक तिबो १९९५ मध्ये पॅट्रिक रॉयच्या मोबदल्यात उपयोगी आला. त्याच वर्षी डेन्व्हरला स्थलांतरित झालेल्या या संघाने १९९६ मध्ये चषक मिळविला.

२००५ पासून संघांच्या वेतनखर्चावर मर्यादा आल्याने या तुलनेत आणखी एका घटकाची भर पडली आहे. नवोदिताचे पहिल्या करारातील वेतन मर्यादित असल्यामुळे तो गुणांबरोबर बचतही आणतो.

तात्पर्य, विनिमयमूल्य हा खेळाडूच्या अंगी असलेला स्थिर गुण नव्हे. त्याची अनिश्चितता आणि घेणाऱ्या संघाची निकड यांमधील तो संबंध होय. म्हणून निर्णयाची परीक्षा पुढे घडलेल्या फलावरून न करता, निर्णयसमयी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून करणेच न्याय्य ठरते.