यकृताचें कांटेरी औषध : घ्यावें तर कसें?

गिरगांवांतील चाळ असो कीं दादरचें बिऱ्हाड, आजीबाईंच्या बटव्याशेजारीं हल्लीं परदेशी गोळ्यांची एखादी बाटली हटकून दिसते. परदेशीं असलेला मुलगा वडिलांच्या यकृतासाठीं ‘मिल्क थिसल’ पाठवितो, सूनबाई त्यांतल्याच दोन गोळ्या सासूबाईंपुढें ठेवते, आणि “वनस्पतीच ती, अपाय काय व्हायचा?” या एका वाक्यावर सारें घर निश्चिंत होतें. या निश्चिंतपणाविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत.

मिल्क थिसल ही भूमध्य समुद्राच्या कांठची कांटेरी वनस्पति. पानांवरील दुधासारख्या पांढऱ्या रेघांवरून तिला हें नांव पडलें. तिच्या बियांतील गुणकारी द्रव्यांच्या समूहास सिलिमरिन म्हणतात. विषारी अळंबीं खाऊन अत्यवस्थ झालेल्या रुग्णांस युरोपांत त्यांतील सिलिबिनिन शिरेंतून देतात. परंतु रुग्णालयांतील तो उपचार निराळा आणि चहाबरोबर घेतलेली गोळी निराळी. अमेरिकेंत हेपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर २४ आठवडे प्रयोग झाला. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मोठ्या मात्रेनेंही औषधहीन गोळीहून अधिक गुण आढळला नाहीं. यकृतांत मेद सांठला असतां रक्ततपासणींतील आंकडे या औषधानें कधीं थोडे उतरतात. तेवढ्यावरून रोग हटला असें मानूं नये.

ही गोळी बहुतेकांस सोसते. क्वचित् मळमळ वा जुलाब होतात. मात्र ही वनस्पति झेंडू-शेवंतीच्या कुळांतली. दादरच्या फुलबाजारांतून आणलेली शेवंती हाताळतांच ज्यांना खाज सुटते, त्यांनीं हिच्यापासून दूर राहावें. मधुमेहाच्या औषधांबरोबर घेतल्यास साखर अधिक उतरण्याचा संभव असतो. रक्त पातळ ठेवणारीं औषधें चालूं असतील तर डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. नांवांत दूध आहे म्हणून बाळंतिणीसही आपल्या मनानें देऊं नये. आणि आपल्याकडील माळरानावरचा पिवळा धोतरा पानांच्या पांढऱ्या रेघांमुळें तसाच भासतो, पण त्याच्या बिया विषारी आहेत, हें विसरूं नये.

एवढी सावधगिरी कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर मुंबईंतच आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या कोविडच्या महिन्यांत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृतास इजा झाल्याचें डॉ. आभा नगराल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यावर आयुष मंत्रालयानें हरकत घेतली, कीं घेतलेली वनस्पति गुळवेलच होती याची खात्री करून घेतलेली नाहीं. वाद तज्ज्ञांचा, पण आपणांस बोध एकच. गुळवेलीनें अपाय झाला असेल तर ‘वनस्पति म्हणजे निर्धोक’ हें खोटें ठरतें. आणि ती दुसरीच वेल असेल तर आपण काय घेत आहों हें घेणाऱ्यासच ठाऊक नव्हतें!

म्हणून बाटली घरांत आली कीं प्रथम ती नेहमींच्या डॉक्टरांस दाखवावी, आणि चालूं असलेल्या सर्व औषधांची यादीही पुढें ठेवावी. एकाची गोळी दुसऱ्यास देऊं नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर गोळी तत्काळ बंद करून तपासणी करावी. मद्य वर्ज्य, वजन आटोक्यांत, रोज चालणें आणि हेपॅटायटिस बीची लस, एवढें ज्या घरांत सांभाळलें जातें, तेथें यकृताची निम्मी काळजी बाटली येण्यापूर्वींच घेतली गेलेली असते.