राजापूरचे बंदर आणि नदीचा गाळ

आपल्या बीड जिल्ह्यात बंदर नाही. उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीत पैलतीरास जाण्यापुरती होडी चालते. मालाची वाहतूक तिच्यातून होत नाही. असे असता या पत्रिकेत एका नदीकाठच्या बंदराची हकिगत कशासाठी, असा प्रश्न शेतकरी बंधूंना पडणे स्वाभाविक आहे. ज्या गाळाने ते बंदर निकामी केले, तोच गाळ आपल्या माजलगाव, मांजरा व बिंदुसरा या जलाशयांत दरवर्षी साचत आहे, हे त्याचे कारण होय.

राजापूर हे रत्नागिरी जिल्ह्यातील गाव अर्जुना नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर आत वसलेले आहे. खाडीच्या मुखाशी जैतापूर आहे. इतक्या आत गलबते येत ती भरतीच्या पाण्यावर. भरती दिवसातून साधारणतः दोन वेळा येते आणि तिची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी सर्वांत उंच चढते; अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे बेताची भरती असते. आपण नक्षत्र पाहून पेरणी करतो, तसा तांडेल तिथी पाहून गलबत भरीत असे. भरतीबरोबर आत यावे, माल उतरवावा, नवा भरावा आणि ओहोटीच्या ओढीने बाहेर पडावे, असा तो क्रम होता.

अशा बंदराच्या सोयी मोजक्याच असत. माल उतरविण्यास दगडी धक्का, तो कोरडा राहावा म्हणून वखारी, जकातीचे ठाणे आणि लागून बाजारपेठ. परंतु बंदराचे खरे बळ धक्क्यात नसून त्याच्या पाठीशी असलेल्या मुलखात असते. राजापूरच्या पाठीशी अणुस्कुरा घाट होता. या वाटेने बैलांच्या पाठीवर मीठ, नारळ व सुकी मासळी कोल्हापूरकडे चढत असे आणि घाटावरील माल खाली उतरत असे. मिरी व कापड यांच्या व्यापारासाठी इंग्रजांनी १६४९ च्या सुमारास येथे वखार घातली. पुढे पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरास साहाय्य केले, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर चाल करून ती वखार जप्त केली. कोकणातील एका लहानशा नदीवरील हे गाव त्या काळी किती मोलाचे होते, ते यावरून कळून येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अरबस्तानाची गलबते राजापूरशी थेट व्यापार करीत होती. मात्र तोपर्यंत खाडी इतकी उथळ झाली होती, की मोठ्या गलबतास धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येता येत नसे. माल लहान होड्यांत उतरवावा लागे. त्यामुळे वेळ व मजुरी दोन्ही वाढली. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आल्यावर घाटावरच्या मालाला दुसरी वाट मिळाली. रेल्वेला दोष देणे सोपे आहे. परंतु धक्क्यापाशी पाणीच उरले नव्हते, ही गोष्ट त्याआधीची आहे.

हा गाळ आला कोठून? कोकणात पाऊस ३,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो. डोंगरावरील झाडी सरपणासाठी तोडली गेली, नाचणी-वरीसाठी उतार उघडे पडले, आणि उघड्या उतारावरील माती पहिल्याच पावसात ओढ्याला मिळू लागली. वेगात वाहणारे पाणी माती उचलून नेते. वेग मंदावला की ती टाकते. खाडीत नदीच्या पाण्याला समोरून भरतीचे पाणी अडविते. शिवाय खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरविल्यावर हेच घडते.

धरणात मीठ नसते, परंतु पाणी थांबते. तेवढे पुरे होते. आपल्याकडे पाऊस कोकणाच्या मानाने फार थोडा असला तरी तो मोजक्या जोरदार सरींत पडतो, आणि बालाघाटाच्या उतारावरील हलकी जमीन अशा सरींत लवकर धुपते. त्याचा हिशेब करून पाहावा. एका हेक्टरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर ती माती १० घनमीटर भरते. शेतात उभे राहून एक मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही. जलाशयात मात्र तेवढ्या मातीने १०,००० लिटर पाण्याची जागा कायमची व्यापली जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईचे मुख्य कारण अवर्षण हेच होते, तथापि साठ्याची जागा गाळाने व्यापली तर पुढील अवर्षण अधिक जाचेल, यात शंका नाही.

बंदरातील गाळ खारा असल्याने शेताच्या उपयोगी सहसा पडत नाही. या बाबतीत आपण सुदैवी आहोत. तलावातील गाळ ही आपल्याच शेतांची माती आहे व ती परत नेता येते. शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, ती याच विचाराने. परंतु गाळ दिसला की ट्रॉली भरावी, हे बरोबर नव्हे. मुरमाड व हलक्या जमिनीत गाळाने ओल धरून ठेवण्याची शक्ती वाढते. भारी काळ्या जमिनीत मात्र त्याने निचरा बिघडतो. अशा जमिनीत गाळ टाकून पैसे खर्च करणारे बंधू भेटतात, तेव्हा वाईट वाटते. हलक्या जमिनीवर अडीच सेंटिमीटरांचा थर देण्यास हेक्टरी २५० घनमीटर गाळ लागतो. एवढी वाहतूक एका उन्हाळ्यात परवडत नसेल, तर प्रथम सर्वांत उथळ पट्टा निवडावा.

मात्र वरच्या शेतातून माती येणे चालूच राहिले, तर काढलेल्या गाळाची जागा पुन्हा भरेल. म्हणून पेरणी व मशागत उताराला आडवी करावी, बांध फुटले असतील तर मृगापूर्वी दुरुस्त करावेत, आणि बांधावर पवना किंवा मारवेल गवत लावावे. त्याने माती अडते व जनावरांना चाराही मिळतो.

गाळ उचलण्यापूर्वी तलावाच्या निरनिराळ्या चार-पाच ठिकाणांचे नमुने घेऊन एकत्र मिसळावेत व त्यांपैकी सुमारे अर्धा किलो माती स्वच्छ पिशवीत भरून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी. गाळ चोपण किंवा क्षारयुक्त निघाल्यास तो शेतात टाकू नये. योग्य ठरल्यास एप्रिल-मेमध्ये पसरून ढेकळे उन्हात तापू द्यावीत आणि पहिल्या पावसानंतर वखराची पाळी देऊन तो मूळच्या मातीत मिसळावा.