बसणाऱ्याची थंडी

कडाक्याच्या थंडीत उघड्यावर सामना रंगला की कौतुक खेळाडूंच्या वाट्याला येतं. उघड्या पिंडऱ्या, तोंडातून निघणारी वाफ आणि तरीही जिवाच्या आकांताने धावणं, हे दृश्य कोणालाही भारून टाकतं. शरीराचा हिशेब मात्र याच्या उलट आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण १०० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. धावणाऱ्या, झटापट करणाऱ्या खेळाडूच्या शरीरात तीच सहा ते दहा पट होते. खेळाडूला घाम येतो तेव्हा शेजारच्या प्रेक्षकाच्या पायाची बोटं बधिर झालेली असतात. थंडीतल्या खेळात खरी कसोटी पाहणाऱ्याची असते, आणि आयोजनात सर्वांत कमी विचार त्याचाच झालेला असतो.

याचा ठळक पुरावा अमेरिकेतल्या ग्रीन बे या छोट्या शहरात सापडतो. ३१ डिसेंबर १९६७ रोजी तिथे ग्रीन बे पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज या संघांत अमेरिकी फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात धरून खेळायच्या फुटबॉलचा, निर्णायक सामना झाला. पारा उणे २५ अंश सेल्सिअसवर होता. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, तेव्हा त्यांनी हाताच्या खुणांनी आणि ओरडून खेळ चालवला. सुमारे ५० हजार लोक उघड्या बाकांवर बसून होते आणि त्यांतला एक वृद्ध प्रेक्षक थंडीने दगावला. त्याच वर्षी त्या मैदानाखाली गवत गोठू नये म्हणून विजेच्या तारांचं जाळं पुरलं होतं. ते ऐनवेळी निकामी ठरलं हा भाग निराळा. पण पैसा कुठे गेला ते पाहण्यासारखं आहे. गवत गरम ठेवायची सोय होती, माणसांसाठी नव्हती. अजूनही चित्र फारसं बदललेलं नाही. जर्मनीच्या बुंडेसलिगात मैदानाखाली तापवण्याची यंत्रणा असणं बंधनकारक आहे, अमेरिकी संघांच्या राखीव खेळाडूंना बसायला गरम बाकं मिळतात, आणि तिकीट काढून आलेला माणूस मात्र गार धातूच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या बैठकीवर तीन-साडेतीन तास काढतो.

१३ जानेवारी २०२४ला अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटीत याच फुटबॉलचा एक सामना उणे २० अंशांत झाला. वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी उणे ३३च्या आसपास होती. अशा हवेत उघड्या कातडीला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. मार्चमध्ये तिथल्या एका रुग्णालयाने सांगितलं की त्या थंडीच्या लाटेत हिमदंश झालेल्या १२ जणांचे अवयव, मुख्यतः हातापायांची बोटं, कापावे लागले. त्यांत हा सामना पाहायला गेलेलेही काही जण होते. थंडी जानेवारीतली आणि शस्त्रक्रिया नंतरच्या, याचं कारण हिमदंशाच्या स्वभावात आहे. मेलेला भाग कुठे संपतो आणि जिवंत कुठे सुरू होतो, हे कळायला कित्येक आठवडे जातात. सामना जिंकल्याच्या आनंदात घरी गेलेल्याला आपण काय गमावलं आहे याचा पत्ताही नसतो.

आता आपल्याकडच्या, मध्य प्रदेशातल्या मोहगावकडे येऊ. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. त्यातल्या सौंसर तालुक्यातलं हे गाव; सातपुड्याच्या दक्षिण अंगाचा, संत्री-कापसाचा आणि मराठी बोलणारा हा मुलूख. अशा गावांत हिवाळ्याचा खेळ म्हणजे फुटबॉल नव्हे, तर रात्रीची कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. इथे कोणी लगेच म्हणेल, कुठे उणे २५ आणि कुठे आमची सात-आठ अंशांची थंडी! म्हणणं अर्धं खरं आहे. इथे कोणाची बोटं गोठणार नाहीत. पण थंडीची बाधा निव्वळ आकड्यावर ठरत नाही. आपल्या हवामान खात्याचा थंडीच्या लाटेचा निकषच पाहा: मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली उतरावं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असावं. म्हणजे नेहमीपेक्षा किती घसरलं, हेही मोजलं जातं. कारण घरं, कपडे आणि सवयी नेहमीच्या हवेला धरून असतात. जवळच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा साडेतीन अंशांवर आला होता. ग्रीन बेचा माणूस चार थर कपडे घालून निघतो. आपल्याकडचा एका स्वेटरवर, पायात चपला घालून.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला धोका मानतात, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. अंग ओलं असेल, वारा असेल आणि माणूस म्हातारा, तान्हा किंवा प्यायलेला असेल, तर दहा अंशांतही ते घडतं. शिवाय थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयविकार असलेल्याचा त्रास वाढतो. मोहगावसारख्या ठिकाणी रात्र निरभ्र असते, आजूबाजूला गहू-हरभऱ्याला पाणी दिलेलं असतं आणि उतारावरची गार, जड हवा सखल जागी येऊन साचते. मैदानासाठी सपाट जागा हवी म्हणून बहुधा अशीच सखल जागा निवडली जाते. दहा वाजता कोरडी असलेली सतरंजी एक वाजता दवाने ओली लागते, आणि जमिनीवर मांडी घातलेल्या माणसाची ऊब खालूनच निघून जाते.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर बसत आले आहेत, त्यांना कसली थंडी? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्रभर चालतात. पण तो प्रेक्षक घरून निघतानाच रात्रभर बसायचं ठरवून निघतो. चादर, घोंगडी, अंथरायला काहीतरी, पोरांना कानटोप्या. ही परंपरा थंडी न लागण्याची नाही, तयारीनिशी बसण्याची आहे. कबड्डीला जाणारा ‘दोन मॅच बघून येतो’ म्हणून जातो आणि उपांत्य फेरीत अडकतो. शेकोटीचंही तेच. पऱ्हाटीची शेकोटी भडकते छान, पण तिची ऊब समोरच्या दहा-पंधरा जणांपुरती असते. पाठ गारच राहते आणि जाळ बसला की उठून घरी जाईपर्यंत सगळेच कुडकुडतात. दारूबद्दल तर बोलायलाच नको. तिने कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि त्याच वाटेने आतली ऊब बाहेर पडते.

मग खेळ बंद करायचे की छपराखाली न्यायचे? दोन्ही सूचना शहरी आहेत. दिवसा कापसाची वेचणी आणि संत्र्याची तोडणी असते, मजूर आणि खेळाडू दोघेही रात्रीच मोकळे होतात. आणि बंदिस्त क्रीडागृह गावाला परवडणार नाही. करता येण्याजोगं मात्र पुष्कळ आहे, आणि ते स्वस्त आहे. बसायच्या जागेवर कुटार किंवा तणस पसरून वर ताडपत्री टाकली, तर जमिनीची ओल अडते. निरभ्र रात्री उघडं आकाश उष्णता ओढून घेतं, त्यामुळे डोक्यावर नुसतं मांडवाचं कापड असलं तरी फरक पडतो, दवही अडतं. वाऱ्याच्या बाजूला एक कनात हवी. मात्र सर्वांत मोठा उपाय वेळापत्रकात आहे. बाहेरगावचे संघ जास्त, मैदान एकच, त्यामुळे अंतिम सामना पहाटे दोन-तीनला, म्हणजे पारा आणखी घसरत असताना आणि पाहायला सर्वाधिक गर्दी असताना. त्यात सुरुवातीचा दीड तास पाहुण्यांची वाट, हारतुरे आणि भाषणं. साखळी सामने दोन रात्रींत वाटले आणि सत्कार नारळ फोडतानाच आटोपले, तर अंतिम सामना अकराच्या आत बसू शकतो. आयोजकांना यात अडचण एकच दिसते, ती म्हणजे पाहुणे वेळेवर येत नाहीत. त्यांना खुर्ची मिळते, शाल मिळते आणि परतायला गाडी असते. त्यांच्यासाठी सतरंजीवरच्या म्हाताऱ्याला ताटकळत ठेवण्याचं कारण नाही.