गेटवरच्या मामांकडे कुठली चावी आहे?

सांगलीतल्या कुठल्याही पोराला विचारा, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी किती? झोपेतून उठवलं तरी सांगेल, 40 फूट. आणि धोका पातळी 45. आता त्यालाच विचारा, तू राहतोस त्या हॉस्टेलच्या मागच्या जिन्याची चावी रात्री कुणाकडे असते? गप्प. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एखाद्या अभ्यासिकेत विचारलंत तरी वेगळं उत्तर मिळेल असं वाटत नाही.

पूर सांगून येतो. सामान वरच्या मजल्यावर न्यायला वेळ देतो. आग तेवढा वेळ देत नाही. रात्री दोन वाजता मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला, तर फायर ब्रिगेडची गाडी नंतर येते. त्याआधी तिथं एकच माणूस जागा असतो, तो म्हणजे गेटवरचा वॉचमन. आपण त्याला मामा म्हणतो, गाडी लावली की हात करतो आणि पुढं जातो.

सातारा हा फौजी जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं इथं आहेत, त्यामुळं बँकेच्या, हॉस्पिटलच्या, कॉलेजच्या दारात उभा असलेला माणूस अनेकदा निवृत्त जवान असतो. दुसऱ्या टोकाला आपल्याच वयाची पोरं आहेत. रात्री ड्यूटी, सकाळी लेक्चर आणि केबिनमधल्या टेबलावर एमपीएससीच्या नोट्स. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या आदर्श नियमांत नव्या गार्डसाठी 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलंय. माजी सैनिकांसाठी ते कमी आहे. या अभ्यासक्रमात आग विझवणंही येतं. आता तुमच्या ओळखीच्या एखाद्या गार्डला विचारा, यातले किती तास तुमच्या वाट्याला आले? कपडे आज मिळाले आणि ड्यूटी आज रात्रीपासून, असं ऐकायला मिळालं तर दचकू नका.

कोलकात्याच्या एएमआरआय हॉस्पिटलची गोष्ट यासाठीच माहीत असायला हवी. 9 डिसेंबर 2011 ची पहाट. तळघरात आग लागली. तिथं जळण्यासारखं सामान भरून ठेवलेलं होतं. शेजारच्या वस्तीतल्या पोरांना धूर दिसला, ती मदतीला धावली, तर गेटवरच्या रक्षकांनी त्यांनाच परत पाठवलं. फायर ब्रिगेडला फोन जायलाही उशीर झाला. काचेनं बंद केलेल्या इमारतीत धूर वर चढत गेला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक गुदमरून. त्या रक्षकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण ‘अनोळखी माणसाला आत सोडायचं नाही’ एवढंच ज्याला शिकवलंय, तो त्या रात्री दुसरं काय करणार होता?

याच्या उलटंही घडलंय. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरल्या पबला आग लागली. 14 जण गेले. अनेक जण आसऱ्यासाठी टॉयलेटमध्ये शिरले आणि तिथंच गुदमरले. त्याच गोंधळात सुरक्षारक्षकांनी कित्येकांना बाहेर काढलं. त्यांना बाहेर जायचा रस्ता माहीत होता, पाहुण्यांना नव्हता.

म्हणून मला वाटतं, गार्डच्या कामात लाल सिलिंडर दुसऱ्या नंबरवर येतो. पहिली येते चावी. गच्चीची, मागच्या जिन्याची, मीटर-रूमची चावी केबिनमध्ये, अंधारातही हाताला लागेल अशी टांगलेली हवी. दर फेरीला जिन्यात काय पडलंय ते बघायचं: बाईक, गाद्या, रद्दीचे गठ्ठे. पार्किंगमध्ये कुणी रात्रभर ई-बाईक चार्जिंगला लावलीय का? वायर तापल्याचा वास येतोय का? आणि धूर दिसला की आधी आरडाओरडा. ‘उगाच घबराट नको, आधी साहेबांना विचारतो’ यात जे जातं, ते परत मिळत नाही. लगेच 101 किंवा 112 ला फोन, वीज बंद, लिफ्ट बंद, गेट सताड उघडं आणि गाडी वळेल तेवढी जागा मोकळी. वर किती माणसं आहेत, हे आलेल्या जवानांना सांगता आलं पाहिजे. त्यासाठी ते रजिस्टर असतं, नुसती सही घ्यायला नाही.

सिलिंडरचंही सांगतो. पिन काढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची (ज्वाळेवर नाही), दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवायचं. नेहमीचा छोटा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, म्हणून पाठ कायम दाराकडे ठेवायची. कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल तर ठीक. त्याहून मोठी असेल तर हिरोगिरी नको, बाहेर पडा. विजेच्या आगीवर पाणी तर मुळीच नाही.

पण सगळं मामांच्या डोक्यावर ढकलून मालकाला सुटता येत नाही. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा जबाबदारी टाकतो ती मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर. यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारीत आणि जुलैमध्ये. आपल्या हॉस्टेलचं जुलैचं प्रमाणपत्र कुठाय, हे विद्यार्थ्यानं विचारलं तर त्यात आगाऊपणा काही नाही. सुरतेत 24 मे 2019 ला क्लासच्या इमारतीला आग लागली आणि 22 विद्यार्थी गेले. वरच्या मजल्यावरून उड्या टाकणाऱ्या पोरांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आणि थोडं आपल्याकडंही बघू. मागच्या दाराला साखळी का लागते? आपण रात्री तिथून सटकतो म्हणून. खोलीत लपवून इंडक्शन कोण लावतं? एकाच बोर्डावर पाच चार्जर कुणाचे? मामा ओरडले की ‘तुम्ही गेट बघा’ म्हणणारेही आपणच.

आज रात्री चहा प्यायला खाली उतराल, तेव्हा एक कप मामांसाठी घ्या आणि विचारा, मागच्या दाराची चावी कुठंय? ‘ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ऑफिस साडेदहाला उघडतं’ असं उत्तर आलं, तर उद्या रेक्टरच्या नावानं अर्ज लिहा. चार ओळी पुरतात. खाली मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोचपावती मागायला विसरू नका.