छताला टांगलेले धंदे

वर पाहिलं की आधी धास्तीच वाटते. डोक्यावर व्हेलच्या शिकारीची अख्खी होडी, पलीकडे माल वाहणारी कोनेस्टोगा गाडी, बर्फावरची घसरगाडी, पाळणे, खुर्च्या. हे सारं टांगलेलं! पेनसिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउन गावचं मर्सर म्युझियम बाहेरून दगडी किल्ल्यासारखं दिसतं. हात लावल्यावर कळतं, हे ओतीव काँक्रीट आहे. गिलावा नाहीच, साच्याच्या फळ्यांच्या रेषा भिंतींवर तशाच उमटलेल्या.

हेन्री मर्सर वकिली शिकला, पण रमला पुरातत्त्वात. 1897 साली शेकोटीचे चिमटे शोधायला तो एका भंगारवाल्याकडे गेला आणि ढिगातले चरखे, मिठाच्या पेट्या, दोर वळायची यंत्रं बघतच राहिला. कारखान्यांनी ही हत्यारं बघता बघता निकामी केली होती. जमिनीखालचं उकरणाऱ्या माणसाने मग कालपरवा टाकून दिलेलं गोळा करायला घेतलं. त्यासाठी 1913 ते 1916 या काळात ही इमारत उभी केली, मुद्दाम आगीला दाद न देणारी.

मधल्या चौकाभोवती धंद्यांच्या लहान लहान खोल्या आहेत. मी रेंगाळलो फण्या करणाऱ्याच्या सामानापुढे. शिंग कापायचं, तापवून मऊ करायचं, उलगडून दाबाखाली सपाट करायचं, मग बारीक करवतीने एकेक दाता पाडायचा. एवढ्याशा फणीसाठी एवढी खटपट! हत्यारं ओळीने पाहत गेलं की कामाचा क्रम आपोआप उलगडतो, पाटी वाचावी लागत नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते नि दिवे पाहताना नक्षीवर नजर ठरते. इथे ती जाते मुठींकडे. वस्तूंवर थेट रंगवलेले नोंदीचे आकडे मात्र डोळ्यांना खुपतात.

टांगण्याची हौस कधी कधी अतीच होते. होडीचा तळ दिसतो, आत माणसं बसायची कशी ते कळायला दोन मजले चढावं लागतं. आणि हिवाळ्यात अंगातला कोट काढायची सोय नाही.

जिने चढत वर गेलं की फाशीचा सांगाडा लागतो. सुतार, लोहार, कुंभार, फणीवाला, सगळ्यांची हत्यारं ठेवायची म्हटल्यावर हेही आलंच. त्याच्यापाशी मुलांचे फोटो काढायला आईबाप रांग लावतात, ते मला काही केल्या बघवलं नाही.